बर्फातले नेचे

आमच्या कॉलेजच्या मागे जांभ्याची एक लांबलचक भिंत आहे. आषाढ निम्मा सरला की तिच्या चिऱ्यांच्या सांध्यांतून नखाएवढी हिरवी पानं डोकं वर काढतात. चपटी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, एका बाजूला खाच असलेली. ती जरा अंग धरतात न धरतात तोच कुणीतरी उत्साही माणूस खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन येतो आणि सगळी भिंत घासून लख्ख करतो. दरवर्षी. मीही दरवर्षी भांडते. "मॅडम, शेवाळ वाढलंय, पोरं घसरतील," असं मला समजावलं जातं. उभ्या भिंतीवरून कोण घसरणार आहे, असं विचारलं की समोरचा कनवाळू चेहरा करतो आणि खराटा चालू ठेवतो.

ते शेवाळ नाही हो. ती नेच्याची लहानपणची रूपं आहेत. नेचा म्हणजे फर्न, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण नेच्याला दोन आयुष्यं असतात हे कुणाच्या गावी नसतं. कुंडीत डोलणारा, गोल गुंडाळी उलगडणारा नेचा हे त्याचं दुसरं, मिरवायचं आयुष्य. पहिलं आयुष्य हे असं, नखाएवढं, बदामाच्या आकाराचं, भिंतीला चिकटलेलं. बीजाणू पडतो, त्यातून हे पान होतं, याच्या पोटी मग मोठा नेचा जन्मतो. मी वर्गाला भिंतीपाशी नेते, वाकून बघा म्हणते. तेव्हा एखादी मुलगी छत्री सावरत विचारते, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

येतं. आकृती काढा, नावे द्या. मुलं गाइडातून बघून इतकी सुबक आकृती काढतात की तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात, आणि जी वस्तू काढली ती दोन हातांवर भिंतीला लागलेली असताना कुणी मान वळवत नाही. मी घसा कोरडा करून स्टाफरूममध्ये येते आणि माझा चहा गार झालेला असतो.

या पानांवरून माझं डोकं एवढं का फिरतं, असं सहकारी विचारतात. त्यांना मी काही सांगत नाही. पण दर जुलैमध्ये, हवा अशी चिकट झाली आणि चपलांना बुरशी धरू लागली की मला आमच्या गावचा, बुरोंडीचा तो पावसाळा आठवतो. आठवतो कसला, अंगावर येतो.

मी तेव्हा पुण्याला पीएच.डी. करत होते. आई जाऊन थोडीच वर्षं झाली होती. बाबा बुरोंडीच्या घरी एकटे. ते होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचा शेवटचा शब्द त्यांचा. पण हंगाम सरता सरता जाळं ओढायच्या यारीत त्यांचा उजवा हात सापडला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं. भावाचा मुंबईहून फोन आला, "तू आहेस ना, तू जा. तुझं काय, झाडांचंच काम. झाडं काय, तिकडेही असतात." माझा भाऊ चांगला माणूस आहे, पण हे वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मोठ्या कष्टाने परवानगी दिली. बशा घेऊन जा, पण गणपतीपर्यंत मला फोटो आणि मोजमापं हवीत, नाही तर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्याही मागे कुणीतरी लागलेलं होतंच. म्हणून मी बीजाणूंची पुडी, प्लॅस्टिकच्या छोट्या बशा आणि बर्फाच्या थर्मासमध्ये एक कुपी अशी प्रयोगशाळा मांडीवर घेऊन एस्टीत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "औषध का गं?" मी हो म्हटलं. खरं सांगायला घेतलं असतं तर महाड आलं असतं.

खरं असं होतं. कुठल्याही झाडाच्या शेंड्यावर मूठभर पेशी असतात, ज्या कधी म्हाताऱ्या होत नाहीत. त्या दुभंगतात, नव्या पेशी देतात, त्यातून पान होतं, खोड होतं, फूल होतं. त्यांना मूलपेशी म्हणतात. आता या पेशी किती असाव्यात, हे कोण ठरवतं? फार झाल्या तर शेंडा सुजतो; बाजारात तो खाचाखाचांचा गलेलठ्ठ टोमॅटो मिळतो ना, तो तसल्याच सैल सुटलेल्या शेंड्याचं फळ. कमी पडल्या तर वाढच खुंटते. म्हणून शेजारच्या पेशी आपसात निरोप धाडतात. हा निरोप म्हणजे पेप्टाइड, प्रथिनाचा अगदी आखूड तुकडा. तो एका पेशीतून सुटतो, दुसरीच्या अंगावर त्याला पकडणारी जागा असते, तिथे जाऊन बसतो. फुलझाडांत या निरोपाचा अर्थ साधारण असा असतो की बास, मूलपेशी आणखी वाढवू नका.

पण झाडांच्या फार जुन्या घराण्यांत, शेवाळासारख्या दिसणाऱ्या काही वनस्पतींत, तसलाच निरोप उलटा वागतो. तिथे तो म्हणतो, वाढवा. आणि नेचा आहे मधला. जुन्यांच्या नंतरचा, फुलझाडांच्या आधीचा. शिवाय त्याची ती दोन आयुष्यं. तर नेच्याच्या नखाएवढ्या पानाच्या खाचेत, जिथे त्याच्या मूलपेशी बसतात, तिथे हा निरोप पोहोचला तर ते पान थांबतं की वाढतं? एवढाच माझा प्रश्न होता. हा प्रश्न घेऊन मी आयुष्याची ऐन वर्षं घालवत होते, आणि हे सांगितल्यावर आमच्या शेजारच्या काकींनी विचारलं होतं, "मग आता कळलं तर काय व्हईल गो?" 

काय होईल, काकी, काही होणार नाही. भात जास्त पिकणार नाही, मासळी जास्त गावणार नाही. कळेल, एवढंच होईल.

मी ज्या नेच्यावर काम करत होते तो पाण्यातला. गंमत म्हणजे त्याच्या जवळचा भाऊबंद आमच्याकडे भाताच्या खाचरात आपोआप उगवतो, आणि बायका तो बेणून बांधावर फेकतात. त्याला गावात नावसुद्धा नाही. काकींनी माझ्या वहीतलं मोठ्या नेच्याचं चित्र निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो तर आमच्या भातातला कचरा. पुन्यात ह्येचं बी विकत मिळतं?"

पावसाळ्यातलं बुरोंडी ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कंटाळा म्हणजे काय ते कळलेलं नाही. मासेमारीला बंदी. होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या, त्यांच्या पोटाखाली कुत्री झोपलेली. समुद्र दिवसभर एकाच सुरात ओरडतो, इतका की थोड्या दिवसांनी तो ऐकू येईनासा होतो आणि माणसंच मोठ्याने बोलू लागतात. घराघरात सुक्या मासळीचा वास, ओल्या जाळ्यांचा वास, आणि घराघरात एकेक पुरुष रिकामा बसलेला. एरवी जो माणूस वाऱ्याशी झगडतो तो बंदी उठेपर्यंत बायकोशी झगडतो. आमच्या घरी बायको नव्हती. मी होते.

त्यातून बाबांचा उजवा हात गळ्यात. जाळंही विणता येईना. त्यामुळे ते माझ्याकडे लक्ष देऊ लागले.

"दिपा, चा टाकतंस काय?" ही भूपाळी. मग अंघोळीचं पाणी. मग "भाकरीला येळ हाय काय?" मग जेवल्यावर ताट तिथेच. साखरेचा डबा वर्षानुवर्षं एकाच फळीवर होता, तरी तो त्यांना कधी सापडायचा नाही. एकदा मी चिडून म्हटलं, बाबा, डाव्या हाताने चहा टाकता येतो. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, शेगडीकडे परक्या गावात आल्यासारखे बघत, आणि म्हणाले, "मला त्यातलं काय कळत नाय गो." आणि बाहेर जाऊन बसले. मग मीच टाकला.

बशांसाठी निर्जंतुक माध्यम लागतं. पुण्यात त्याला यंत्र होतं. इथे आमचा डाळीचा कुकर. त्यात पाणी, क्षार आणि आगार घालून मी शिट्ट्या काढायची. पहिल्याच दिवशी शिट्ट्या झाल्या आणि बाबा ताट-पाणी घेऊन पाटावर हजर. मी कुकर उघडला, आत बाटल्या. बाबांनी वाकून बघितलं. काहीच बोलले नाहीत. त्यांची ती न बोलण्याची पद्धत असह्य आहे. काकी मात्र थिजलेल्या आगाराला बोट लावून म्हणाल्या, "हे तर चायना ग्रास. दूध-साखर घाल नि वडी पाड." ते बोट लागलेली सगळी खेप मी फेकून दिली. काकी दोन दिवस रुसल्या.

आणि बुरशी. देवा, ती बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात निर्जंतुक हा शब्द म्हणजे एक थट्टा आहे. पट्ट्याला बुरशी, पापडाला बुरशी, आईच्या फोटोच्या चौकटीला बुरशी. मी तोंडाला फडकं बांधून, मेणबत्तीच्या ज्योतीजवळ, श्वास रोखून बशी उघडायची. दोन दिवसांनी आत कापसासारखं पांढरं काहीतरी फुललेलं असायचं. मी ती बशी फेकायची, दुसरी पेरायची. पुन्हा कापूस. एक दिवस मला कळलं की कापूस येतोय कुठून. मी परसात गेले की बाबा बशांची झाकणं उचलून ठेवत होते.

"बाबा! काय करताय?"

"बारकी रोपं हायत. श्वास नको काय त्यांना? तू पार कोंडून ठेवलंस."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाबांनी शांतपणे झाकणं पुन्हा लावली, त्यातल्या दोन बशांची उलटी. त्यानंतर मी सगळ्यांना बजावून सांगितलं, झाकण उघडलं की मेली. झाकण उघडलं की मेली. बाबा मान हलवत होते.

शेवटी मी माळ्यावरून मासळीची एक जुनी पेटी काढली. जाड थर्माकोलची, होडीवर बर्फात मासे भरून ठेवायची असते तसली. सोडा लावून घासली. तिच्या झाकणाला आतून दिव्यांची पट्टी चिकटवली, बशा आत ठेवल्या. आता कुणाचं बोट लागणार नव्हतं. बांगड्याचा वास काही गेला नाही, पण नेच्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या पेटीत माझी पानं वाढू लागली. सकाळी झाकण उचललं की आतून तो पोपटी उजेड यायचा. बाहेर सगळं करडं, आभाळ करडं, समुद्र करडा, आणि पेटीत तेवढा हिरवा चौकोन. त्या क्षणी मला कुणाचाही राग यायचा नाही. मग मागून आवाज यायचा, "दिपा, चा?"

कुपी फ्रीजरमध्ये होती. बाबांनी विचारलं, हे काय औषध? मी वैतागलेली होते. म्हटलं, औषध नाही, निरोप आहे. "कोनाचा?" एका पेशीचा दुसऱ्या पेशीला. त्यांनी विचार केला. "मंग देऊन टाकायचा. फ्रिजात कशाला ठेवलंस?" 

वेळ आल्यावर दिला. निम्म्या बशांत तो निरोप टाकला, निम्म्यांत नुसतं पाणी. मग वाट बघणं. दापोलीच्या एका कॉलेजातल्या मैत्रिणीने तिथला सूक्ष्मदर्शक वापरू देण्याचं कबूल केलं होतं. आधी काही पानं नेऊन बघायची, खाचेतल्या पेशी नीट दिसतात का ते ठरवायचं, आणि मग सगळ्या बशा न्यायच्या, असा बेत. मी सकाळच्या एस्टीने गेले. जाताना म्हटलं, "बाबा, पेटी जपा. बशीचं झाकण उघडायचं नाही."

"जपतो गो. जा तू."

दुपारनंतर असा पाऊस लागला की दापोलीतून बाहेर पडायची सोय उरली नाही. वाटेत झाड पडलं, तारा तुटल्या. फोन लागेना. मी मैत्रिणीकडे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी कशीबशी घरी पोहोचले. गावात वीज नव्हती. बाबा ओटीवर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, हे मला अजून दिसतं, समाधान होतं. काम चोख केलेल्या माणसाचं.

"लाइट कालपासनं नाय," ते म्हणाले. "तुझा माल खराब व्हईल म्हनून मी हर्णैच्या बंदरावर जाऊन बर्फ आनलाय. चांगला फोडून भरलाय."

मी पेटीकडे धावले. पेटी तोंडापर्यंत बर्फाने भरलेली होती. खाली बर्फाचा थर, वर बशांचा थर, मध्ये पुन्हा बर्फ, पुन्हा बशा. होडीवर पापलेटं रचतात तशी, अगदी नीट, एकमेकांना दाबणार नाहीत अशी. एकाही बशीचं झाकण उघडलेलं नव्हतं. पाऊस झोडपत असताना, एक हात गळ्यात अडकवलेला असताना, हा माणूस कुणाच्या तरी टेम्पोत बसून हर्णैला गेला होता, बंदीच्या दिवसांत बर्फ मिळवला होता, आणि डाव्या हाताने फोडून भरला होता. मासळीच्या पेटीत जपायची वस्तू आहे आणि वीज गेली आहे, तर त्या पेटीत आणखी काय भरणार? 

पुण्यातल्या कुठल्याही मूर्खाने हे केलं नसतं. हे करायला आयुष्य समुद्रावर काढावं लागतं.

मी बशा बाहेर काढल्या. ती उबदार पाण्यातली वनस्पती. पानं काळपट, लिबलिबीत झाली होती. खाचा, जिथे माझा सगळा प्रश्न बसला होता, त्या आधी मेल्या होत्या, कारण सगळ्यात कोवळ्या त्याच. निरोपवाल्या आणि बिनानिरोपाच्या, सगळ्या सारख्याच. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले आणि रडले. मग उठून ओटीवर गेले आणि ओरडले.

"मुद्दाम केलंत तुम्ही! मी परत जाऊ नये म्हणून केलंत. तुम्हाला, दादाला, काकींना, सगळ्यांना तेच हवंय. मी इथे भाकऱ्या थापत बसावं."

काकी दारात येऊन उभ्या होत्या, त्या हळूच मागे सरकल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आधी कळलंच नाही की काय झालंय. मग कळलं.

"मुद्दाम करायचं असतं," ते म्हणाले, "तर हर्णैला कशाला गेलो असतो? झाकनं उघडली असती."

खरंच होतं ते. राग मात्र जाईना. उलट वाढला. एखाद्याने वाईट हेतूने नुकसान केलं तर त्याच्याशी भांडता तरी येतं. माझ्या आयुष्यातलं एकूण एक नुकसान माझं भलं करायला निघालेल्या माणसांनी केलं आहे. आणि ते भिंत घासणारे लोकही त्यातलेच, हसतमुख आणि कामसू.

आजही बाबा फोनवर विचारतात, "तुझा पाला काय म्हनतो?" मी म्हणते, बरा आहे. ते म्हणतात, "लाइट हाय ना?" यात टोमणा असतो की काळजी, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही, आणि विचारलं तर ते फोन ठेवून देतात.

मॅडमना मी वीज आल्यावर फोन केला. त्या ऐकून घेत होत्या. बर्फ म्हटल्यावर त्यांनी मला दोनदा तोच शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, "याचं काही करता येणार नाही. तू इकडे ये. गणपतीआधी ये आणि इथे नव्याने पेर. मी तेवढं थांबवून धरते. त्यानंतर माझ्या हातात नाही."

बशा फेकायच्या होत्या. फेकायचाही कंटाळा आला, म्हणून त्या खिडकीत तशाच पडून राहिल्या, झाकणं लावलेल्या. कितीतरी दिवसांनी मी त्या गोळा करायला गेले, तेव्हा एका काळ्या पानाच्या कडेला हिरवा ठिपका दिसला. मला वाटलं शेवाळ असेल, पाहिलंत, मीसुद्धा. भिंगातून बघितलं. शेवाळ नव्हतं. मेलेल्या पानाच्या काठावर एखादी पेशी जगली होती, आणि ती दुभंगत होती. आणखी बशा बघितल्या. जवळजवळ प्रत्येकीत कुठे ना कुठे असा एक ठिपका.

नेच्याचा हा गुण पुस्तकात असतो, मी परीक्षेत लिहिलाही होता. खाचेतल्या मूलपेशी जिवंत असतात तोवर बाकीच्या पेशींना त्यांचा धाक असतो. त्या निमूट पानाचं काम करतात, आपल्याला काही वेगळं येतं असा चकार शब्द काढत नाहीत. खाच मेली की धाक संपतो. मग काठावरची कुठलीही साधी, जुनी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली पेशी उठते आणि पहिल्यापासून पान करायला घेते. मी हे वाचलं होतं. पण असं बांगड्याचा वास मारणाऱ्या बशीत, आपल्या खिडकीत, कधी पाहिलं नव्हतं. प्रयोगाच्या दृष्टीने त्याला दमडीचीही किंमत नव्हती. निरोप, पाणी, बर्फ, सगळी सरमिसळ. त्यावरून काहीही सिद्ध होत नव्हतं. त्याचाच मला संताप आला. जगायचंच होतं तर जरा कामाचं तरी जगायचं.

तरी मी ते बाबांना दाखवलं. भिंग डोळ्याला लावून ते फार वेळ बघत राहिले.

"म्हंजे मेलं नाय," ते म्हणाले.

"प्रयोग मेला."

"आनी पाला?"

"पाला आहे."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि बाहेर गेले.

मग ते दिवस आले ज्यांत सगळे मला शहाणपण शिकवत होते. प्लॅस्टर निघालं होतं, पण बाबांचं मनगट वळत नव्हतं. नारळी पौर्णिमा झाली. होडी त्यांच्या पुतण्याने पाण्यात लोटली, बाबा काठावर उभे राहून नुसते सूचना देत होते. भावाचा फोन: "दापोलीत शिकवायला लाग ना. घरून जाऊन-येऊन करशील. बाबांचं कोण बघणार?" मी म्हटलं, तू बघ. तो म्हणाला, "माझी नोकरी आहे." माझं काय होतं, खेळ? काकी म्हणायच्या, "बाबा भुकेनं मरंल गो. त्येला सादा चा करता येत नाय." आणि यातला शेवटचा मुद्दा खोडता येत नव्हता. तोच खरा अडसर होता. मी रात्री पडल्या पडल्या हिशेब मांडायची की कुणाकडून डबा लावता येईल, काकी किती दिवस बघतील, आणि प्रत्येक हिशेब बाबांच्या त्या शेगडीकडे परक्यासारखं बघण्यापाशी येऊन अडायचा. बाबा स्वतः जा म्हणत नव्हते, राहा म्हणत नव्हते. मी चिडून विचारलं, तरी आढ्याकडे बघत बसले.

मी मनाने जवळजवळ राहिले होते. मॅडमना कळवायचं तेवढं बाकी होतं. त्या दिवशी सकाळी मी काकींबरोबर ओढ्यावर गोधड्या धुवायला गेले, खूप दिवसांनी ऊन पडलं होतं म्हणून. दुपार झाली. परत येताना पाय उचलत नव्हते, कारण घरी जाऊन पुन्हा भाकऱ्या होत्या.

पडवीत पाय ठेवला आणि वास आला. ओलं खोबरं, तिरफळ, कोकम, आणि ताजा बांगडा. हंगामातली पहिली मासळी. मला वाटलं कुणी वाडगाभर आणून दिलं असेल. आत गेले. बाबा शेगडीपुढे उभे होते. वळत नसलेल्या उजव्या हाताने भांडं धरून, डाव्या हाताने कालवण हलवत होते. पाट्यावर वाटणाचा मागमूस नव्हता, तो धुऊन उभा केलेला होता. परातीत भाकऱ्यांची चवड. साखरेचा डबा हाताशी घेतलेला. चहाही झालेला होता.

त्यांनी ताट वाढलं. माझं. मी घास घेतला. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं होतं. आईच्या तोडीचं होतं. एकाएकी मला उमगलं की आईच्या हातालाही ही चव कदाचित यांच्याकडूनच आली असेल.

"हे येत होतं तुम्हाला?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तांडेल काय जन्मतःच झालो? पोरसवदा होतो तेव्हापासनं होडीवर रांधायचो. धा-बारा मान्सांचं."

"मग सगळा पावसाळा मला राब राब राबवलंत? चहासुद्धा येत नाही म्हणालात! बाबा, मी तिकडचं सगळं सोडायला निघाले होते. तुम्हाला जेवण करता येत नाही म्हणून!"

बाबांनी माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. माझ्याकडे बघितलं नाही.

"येत नाय म्हटलं की तू ऱ्हातंस," ते म्हणाले. "तुझी आय गेल्यापासनं घरात कोन नव्हतं."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. हातातला घास तसाच ताटात ठेवला.

"आता जेव," बाबा म्हणाले. "दुपारची एस्टी गावंल. तुझी पिशवी मी भरून ठेवलीय."